तिसरा हिस्सा श्वासाचा

हजरत मिकदाम बिन मअदीकरिब (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस ‘जामेअ तिर्मिजी’मध्ये आली आहे. तिचा आशय असा की, माणूस जी भांडी भरतो त्यांत पोटाहून वाईट भांडे दुसरे नाही. पाठीचा कणा ताठ राहील एवढे काही घास आदमच्या पुत्राला पुरेसे आहेत. त्याहून अधिक खाणे भागच असेल, तर पोटाचा एक हिस्सा अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी राखावा.

ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. परंतु ती ऐकताना आपण एक गफलत करतो. तीन हिस्स्यांची विभागणी हेच आपल्याला अंतिम ध्येय वाटते. वस्तुतः अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) ती दुसऱ्या क्रमांकावर, ‘भागच असेल तर’ या अटीने सांगितली आहे. पहिला दर्जा ‘काही घासां’चा आहे. काही रिवायतींत या घासांसाठी ‘लुकैमात’ असा शब्द आला आहे. तो ‘लुकमा’ या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप आहे आणि त्याचे हे अनेकवचन अरबी व्याकरणात थोड्या संख्येसाठी योजतात. म्हणजे घासही इवलेसे आणि तेही मोजकेच. एक तृतीयांश ही सवलतीची शेवटची सीमा आहे. आपण मात्र तिच्याही पलीकडे जाऊन श्वासाचा हिस्सा डब्बल का मीठ्याने भरून टाकतो.

नांदेड-लातूरकडील कोणत्याही मशिदीत आज जुमाच्या नमाजला उभे राहून मागे वळून पाहावे. सफच्या कडेला खुर्च्यांची रांग दिसेल. काही वर्षांपूर्वी त्या खुर्च्यांवर सत्तरीचे बुजुर्ग असत. आता पंचेचाळीस-पन्नाशीचे लोक दिसतात. कोणाचे गुडघे शरीराचे ओझे पेलत नाहीत, कोणाच्या पायाच्या अंगठ्याची जखम महिनोन्महिने भरत नाही, कोणाला सजद्यात चक्कर येते. जनाजाच्या नमाजनंतर कब्रस्तानात होणारी कुजबुजही ठरलेली असते : ‘काल तर चांगले होते, अचानकच झाले.’ मृत्यूची घटिका अल्लाहच्या हाती आहे, यात शंका नाही. परंतु जे दहा-पंधरा वर्षे रक्तवाहिन्यांत साचत होते, त्याला ‘अचानक’ म्हणणे ही आपली स्वतःची फसवणूक आहे.

साचते म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण आजार समजला की परहेज ओझे वाटत नाही. आपण खाल्लेला भात, पोळी, भाकरी, साखर यांचे पोटात ग्लुकोज बनते व ते रक्तात उतरते. ही साखर पेशींच्या आत पोहोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन नावाचे संप्रेरक सोडते. पोटात, यकृताभोवती चरबी जमू लागली आणि स्नायू बसून राहिले, की पेशी इन्सुलिनची हाक ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. ही ओढाताण वर्षानुवर्षे चालू शकते आणि त्या काळात साखरेचा अहवाल ‘नॉर्मल’च येत राहतो. माणूस निर्धास्त असतो. शेवटी स्वादुपिंड थकते आणि उपाशीपोटीची साखर १२६ च्या पुढे जाते, तेव्हा आपण म्हणतो की ‘शुगर लागली’. ती लागलेली नसते, पिकलेली असते. पुढे डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसा या क्रमाक्रमाने झिजत जातात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब तर शंभरातील पस्तीसहून अधिक प्रौढांना आढळला. या उंबरठ्यावरच्या लोकांची मला अधिक चिंता वाटते, कारण त्यांना परत फिरता येते. आणि हे सांगताना संकोच वाटतो, तरी सांगणे उचित आहे : गेल्या वर्षी केलेल्या तपासणीत मी स्वतःही त्या उंबरठ्यावर निघालो. दिवसभर मकतबमध्ये बसणे, घरोघरी आग्रहाचा चहा आणि प्रत्येक दावतीत ‘मौलाना, आणखी थोडे’. इमामाच्या ताटात यजमान प्रेमाने वाढतो आणि इमामही प्रेमाने संपवतो. मिंबरवरून मी जी हदीस सांगत होतो, ती माझ्याच पोटाला ठाऊक नव्हती.

अनेक जण म्हणतात, ‘मी तर किडकिडीत आहे, मला शुगर कशी होईल?’ या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. परंतु आश्चर्य पुढेच होते. आपल्या बाळांचे स्नायू व इतर अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांच्यासोबतचे आपले छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही. शिंप्याची टेप घ्यावी आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजावी. आपल्याकडील पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते.

या संशोधनातून एक गोष्ट विशेष लक्षात येते. पुत्राच्या चाळिशीतील आजाराची मुळे मातेच्या गर्भारपणापर्यंत जातात. आणि आपल्या घरांत गर्भवती सून सर्वांत शेवटी जेवते. बोटीचे तुकडे पुरुषांच्या दस्तरखानावर संपतात, तिच्या वाट्याला रस्सा आणि उरलेला भात येतो. सूरह अल्-बकरामध्ये (२ : २३३) बाळाला दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकलेली आहे. हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे. डाळ, अंडी, दूध, पालेभाजी, शेंगदाणे या गोष्टी तिच्या ताटात अगोदर पडल्या पाहिजेत. मधुमेह टाळण्याचा विचार करताना ही बाजू आपण सहसा लक्षातच घेत नाही.

आता किती वेळा खावे, हा प्रश्न. या बाबतीत लातूरचे नाव महाराष्ट्रभर झाले. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित एक साधी पद्धत लोकांसमोर ठेवली. कडक भुकेच्या दोन वेळा ओळखाव्यात, त्या दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, गोड टाळावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा. त्यामागील तर्क असा, की प्रत्येक वेळी तोंडात काही टाकले की इन्सुलिन स्रवते. म्हणून प्रमाणाइतकेच वारंवारितेलाही महत्त्व आहे. सर्वच तज्ज्ञांना हे मान्य नाही. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्यासारखे जाणकार थोड्या थोड्या अंतराने, घरचे व पारंपरिक अन्न खाण्याचा सल्ला देतात. हा वाद सोडवण्याचा अधिकार माझा नाही, तो वैद्यकशास्त्राचा आहे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलणे धोक्याचे आहे, तसेच गर्भवती व वाढीच्या वयातील मुलांनी असे प्रयोग करू नयेत, एवढे नमूद करतो. तरीही या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : समोर आले म्हणून खाऊ नये. भूक ओळखावी.

भुकेची ही ओळख आपल्याला दरवर्षी एक महिना शिकवली जाते. रमजानमध्ये दोन जेवणांवर शरीर उत्तम चालते, हे कोट्यवधी माणसे अनुभवतात. परंतु मगरिबनंतर आपण काय करतो? खजूर आणि पाण्याने रोजा सोडणे ही सुन्नत. तिच्यामागून भजी, समोसे, लाल सरबत येते. तरावीहनंतर हलीम, मध्यरात्री पुन्हा हॉटेल आणि सहरीला भरगच्च ताट. दिवसभराची बचत रात्रीत व्याजासह फेडली जाते. ईदला अनेकांचे वजन वाढलेले असते. सूरह अल्-आराफमधील (७ : ३१) खा, प्या, पण अतिरेक करू नका या आदेशात ‘खा, प्या’ एवढेच आपल्याला ऐकू येते.

सहीह बुखारीमध्ये हजरत सहल बिन सअद (रजि.) यांची एक रिवायत आहे. त्यांना कोणी विचारले, की प्रेषितांनी (स.) चाळलेल्या पांढऱ्या पिठाची भाकर खाल्ली होती काय? ते म्हणाले, नबुव्वत मिळाल्यापासून अखेरपर्यंत तसे पीठ त्यांनी पाहिलेही नाही. चाळण्या होत्या काय, असे विचारल्यावरही उत्तर नकारार्थीच आले. जव दळून त्यावर फुंकर मारीत असत, उडेल तो कोंडा उडे आणि उरलेले तसेच मळून घेत. आज जे तंतुमय पदार्थ पोटासाठी आवश्यक म्हणून डबाबंद विकत घ्यावे लागतात, ते त्या न चाळलेल्या पिठात आपोआप होते. आपल्या मराठवाड्याला तर याचे नवल वाटू नये. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, जवसाची चटणी हे या मातीचे अन्न. निझामी काळापासून आपल्या घरांत रुजलेल्या बगारा खाना आणि डालचा या जोडीतही डालच्याची बाजू मोठी गुणी आहे. त्यात डाळ आहे, दुधी आहे, चिंच आहे. पण वलीम्यात भाताचा डोंगर उभा राहतो आणि डालचा त्यावर शिंपडण्यापुरता उरतो. हे प्रमाण उलटे केले तरी निम्मे काम होईल. मात्र भाकरी ज्वारीची आहे म्हणून चार-पाच खाव्यात, असेही नाही. तिचीही अखेर साखरच होते, फक्त मैद्याच्या मानाने सावकाश.

मांसाविषयीही बोलले पाहिजे. ते हलाल आहे, नेमत आहे, आणि योग्य प्रमाणात त्याचे पोषणमूल्य मोठे आहे. परंतु ‘मुवत्ता’मध्ये हजरत उमर (रजि.) यांचा इशारा नोंदलेला आहे, की मांसाची चटक मद्याच्या चटकेसारखी असते. आठवड्याचे सातही दिवस तर्रीदार सालन, त्यावर मिठाचा हात सैल आणि सोबत लोणचे-पापड, हे रक्तदाबाला आमंत्रणच होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याएवढे असावे.

आहाराइतकाच शरीराच्या हालचालीचा प्रश्न गंभीर आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी एक, डेपो एक, वस्तीही बहुधा सारखी. परंतु बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या तुलनेत दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. यामागील एक कारण आज आपल्याला समजते. स्नायू काम करू लागले की ते रक्तातील साखर ओढून घेतात, आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची फारशी प्रतीक्षा करावी लागत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे म्हणूनच इतके उपयुक्त ठरते. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना केवळ सर्वसाधारण सल्ला दिला त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचा आहार व चालणे नियमित केले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिले. औषधाच्या गोळीनेही जवळपास तेवढाच लाभ झाला. शंभरांतील सोळा माणसे केवळ चालून आणि जपून खाऊन वाचतात, ही लहान गोष्ट नव्हे.

येथे आमच्या मशिदीतील एका चाचांचा आक्षेप आठवतो. ते म्हणाले, ‘मौलाना, आम्ही पाच वेळा उठतो-बसतो, आम्हाला वेगळ्या व्यायामाची काय गरज?’ व्याख्यानांतही नमाज म्हणजे सर्वोत्तम व्यायाम असे उत्साहाने सांगितले जाते. माझे मत भिन्न आहे. नमाज इबादत आहे. तिच्यामुळे सांधे मोकळे राहतात, हे तिचे आनुषंगिक फळ. तिचा हेतू नव्हे. आणि हिशेबच करायचा तर व्यायामाची व्याख्या अशी, की श्वास जलद व्हावा, बोलता यावे पण गाता येऊ नये, आणि असे आठवड्यातून किमान १५० मिनिटे घडावे. शांतपणे अदा केलेल्या नमाजमध्ये श्वास जलद होत नाही, होऊही नये. म्हणून नमाजला व्यायामाची पळवाट बनवणे हे नमाजवरही अन्याय आणि शरीरावरही.

नमाजशी जोडलेले चालणे मात्र निश्चितच व्यायाम आहे. मदीनेत बनू सलिमा हे लोक मशिदीपासून दूर राहत. त्यांनी जवळ राहायला येण्याचा विचार केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आहे तेथेच राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले नोंदली जात होती. प्रेषित (स.) स्वतः शनिवारी कुबाच्या मशिदीत कधी पायी, कधी स्वारीवर जात, ते अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर आहे. त्यांची चाल उतारावरून येणाऱ्यासारखी वेगवान असे, असे हजरत अली (रजि.) यांनी वर्णिले आहे. आणि आमच्याकडे? देगलूर नाक्याच्या गल्ल्यांत अजान झाली की दोनशे पावलांवरच्या मशिदीकडे मोटारसायकली निघतात, आणि चपलांपेक्षा गाड्या लावण्यावरून अधिक भांडणे होतात. लातूरच्या गंजगोलाईला मिळणारे सोळा रस्ते सकाळी सातपर्यंत मोकळे असतात. फजर अदा करून त्या वेळी चाळीस मिनिटे झपझप चालणाऱ्यांचा एक गट उभा राहिला, तर त्यासाठी कोणतीही फी भरावी लागणार नाही.

स्त्रियांचे काय, हा प्रश्न मात्र आपण टाळत आलो आहोत. दोन खोल्यांच्या घरात त्यांचा दिवस संपतो. काम पुष्कळ, पण चालणे नाही. बाहेर फिरल्यास लोक काय म्हणतील, हा धाक वेगळाच. ‘सुनन अबू दाऊद’मध्ये हजरत आयशा (रजि.) सांगतात, की एका प्रवासात प्रेषितांनी (स.) त्यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे त्यांचे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या वेळची परतफेड, असे म्हणाले. ज्या उम्मतच्या मातेने शर्यत लावली, त्या उम्मतच्या मुलींना चालायला जागा मिळू नये, हे समजण्यापलीकडचे आहे. मुली-सुनांनी गटाने सकाळी निघावे, ते शक्य नसेल तर गच्चीवर चालावे. मदरसा किंवा शाळेचे पटांगण एखादा तास केवळ स्त्रियांसाठी उघडे ठेवणे विश्वस्तांना अवघड नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना इबादतीचा अतिरेक करण्यापासून रोखताना प्रेषितांनी (स.) शरीराचाही हक्क असल्याचे बजावले होते. तो हक्क पुरुषांच्याच शरीराचा आहे, असे कोठेही आलेले नाही.

ज्यांना मधुमेह झालेलाच आहे, त्यांच्यासाठी वुजू ही रोजची तपासणी ठरू शकते. नसा बधिर झाल्या की पायाला खडा रुतला तरी समजत नाही. पाय धुताना, बोटांमध्ये खिलाल करताना तळवा आणि बेचके नीट पाहावेत. दिसत नसेल तर मुलाला पाहायला सांगावे. नंतर बेचके कोरडी करावीत, ओली राहिल्यास तेथे बुरशी होते. पाणी कोमट हवे असेल तर ते हाताच्या कोपराने किंवा दुसऱ्याकडून पारखून घ्यावे.

राहिला रोजाचा प्रश्न. शाबान लागण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि ज्यांची साखर वारंवार एकदम खाली येते असे रुग्ण यांना डॉक्टरांनी मनाई केली, तर ती मनाई स्वीकारावी. आजारी व्यक्तीला दिलेली सवलत सूरह अल्-बकरामध्ये (२ : १८४-१८५) स्पष्ट आहे, ती नाकारणे म्हणजे तकवा नव्हे. रोजात बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शननेही तुटत नाही, असेच आजच्या बहुसंख्य उलमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली आली किंवा ३०० च्या वर गेली, तर सूर्यास्ताला अर्धा तास उरला असला तरी रोजा तत्काळ सोडावा. अशा रोजाची नंतर एका रोजाने कजा करावी लागते, कफ्फारा लागत नाही. ज्याला पुढेही रोजे ठेवता येण्याची आशा नाही, त्याने प्रत्येक रोजामागे एका गरिबाला दोन वेळचे जेवण किंवा सदका-ए-फित्रइतकी रक्कम फिदया म्हणून द्यावी. मात्र चालणे आणि परहेज यांमुळे प्रकृती सुधारली व रोजे ठेवण्याची शक्ती परत आली, तर फिदया दिलेला असला तरी त्या रोजांची कजा करावी लागेल.